उलटी न केलेली बोट

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. गवंडी दोरीला लोखंडाचा गोळा बांधून भिंतीशी सोडतो ना, भिंत सरळ की वाकडी बघायला, तो ओळंबा. हा माणूस काही गवंडी नव्हता, पण स्वभाव अगदी तसाच. तासन्‌तास गप्प लोंबकळत राहायचा, आणि तोंड उघडलं की समोरच्याची भिंत वाकडी. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी सांगणार, तुमचं दार खाली घासतंय. लग्न होऊन घरात आलेल्या बायकोला पहिल्याच सकाळी म्हणाला, तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. ती म्हणाली, "मग तुम्ही डावीकडे उभे राहात जा, टेकू होईल." तिथून त्यांचं जे जमलं ते जमलं.

काम त्याचं बोटींचं. साध्या बोटी नव्हेत, त्या शर्यतीच्या जेट बोटी. त्यांना बाहेर पंखा नसतो. पोटात इंजिन, इंजिनाला जोडलेला पंप. पंप तळातल्या तोंडातून पाणी ओढतो आणि मागून जोरात फेकतो, त्या धक्क्यानं बोट पळते. आता एवढी मोठी बोट, पण भर वेगात आली की सगळीच्या सगळी पाण्यावर उचलते. टेकलेला असतो तो मागचा हातभर तळ. तेवढ्यावर सगळा खेळ. तो तळ मागच्या काठाला जरासा खाली वाकलेला असला तर बोट नाक खुपसून चालते, वेग खाते. जरासा वर वाकलेला असला तर नाक वरखाली नाचायला लागतं, आणि आतल्या माणसाला बसतात दणके. जरासा म्हणजे किती, तर नखाएवढा. डोळ्याला दिसायचाच नाही.

तो नखाएवढा वाकडेपणा काढणं हे ओळंब्याचं काम. पुट्टी भरायची, पॉलिशपेपरनं घासायचं, परत भरायची, परत घासायचं. मग माणसाएवढी लांब लोखंडी पट्टी तळावर धरायची आणि पलीकडे दिवा ठेवायचा. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की तळ खोटा. दिसली नाही की खरा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो हे करायचा. भुवया कायम पांढऱ्या, त्या धुळीनं. बायको म्हणायची, "तुम्ही म्हातारे झालात तरी मला कळायचं नाही."

त्याला एक धाकटा भाऊ होता. त्यालाही सगळे धाकटाच म्हणायचे, केस पिकले तरी. आईवडील लवकर गेले, तेव्हा ओळंब्यानंच त्याला वाढवलेला. हा बोट चालवायचा. वरच्या माळ्यावरच्या खोलीत राहायचा, जेवायला खाली यायचा. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे जमलं नाही, मुलगी बघायला गेला की तिच्या बापाला नदीची खोली विचारायचा. वहिनीशी त्याचं फार गूळपीठ. दोघं मिळून ओळंब्याची चेष्टा करायचे आणि तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

पण एक होतं. दुसरे चालवणारे बोटीत बसायच्या आधी स्वतः पट्टी लावून बघायचे. कारागिरावर विश्वास असला तरी जीव आपला असतो. धाकट्यानं कधी बघितली नाही. कुणी म्हटलं, अरे एकदा बघून घे, तर म्हणायचा, "दादानं बघितलंय ना. मग मी काय त्याच्यापेक्षा सरळ बघणार?"

वर्षानुवर्षं दणके खाऊन धाकट्याची पाठ गेली. कमरेतला मणका झिजला. डॉक्टरनं फोटो काढून खिडकीशी धरला आणि सांगितलं, यापुढे बोटीत बसायचं नाही. धाकटा म्हणाला, "एकदा." डॉक्टर म्हणाला, मी नाही म्हणतोय. धाकटा म्हणाला, "एकदाच म्हणतोय." मग डॉक्टरनं हात टेकले, म्हणाला, पाणी शांत असेल आणि बोट गुळगुळीत चालत असेल तर एकदा. दणका बसता कामा नये. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका.

एकदा कशासाठी, तर नदीवर वर्षातनं एकदा सरळ धाव असायची. एका वेळी एकच बोट, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत, आणि वेग मोजायचा. तरुणपणी सगळ्यांत जास्त वेग धाकट्याच्या नावावर होता. मग तो पैलतीरावरच्या एकानं नेला. धाकट्याला तो परत आणून मग उतरायचं होतं. घरी बसायचं तर वर मान करून बसायचं, एवढंच त्याचं म्हणणं.

ओळंबा त्या दिवशी धाकट्याला दवाखान्यातून घेऊन आला. दारात आल्यावर म्हणाला, "तुला तळ असा करून देतो, की चहाचा कप ठेवलास तरी सांडायचा नाही."

बोलला खरा. पण तळ नीट करायचा तर आधी इंजिन बाहेर काढावं लागतं आणि मग बोट उलटी करावी लागते. त्याला सात-आठ माणसं लागतात. आणि माणसं त्यानंच तोडलेली.

त्याचं असं झालं. ओळंब्याच्या बायकोचा भाऊ, म्हणजे त्याचा मेहुणा, इंजिनाचा कारागीर. इंजिन त्याचं, तळ याचा, चालवणारा धाकटा, असं तिघांचं चालायचं. बोट उलटी करायची असली की मेहुणा त्याच्या कारखान्यातली माणसं घेऊन यायचा, सगळे हसतखिदळत उलटी करायचे, वहिनी पातेलंभर चहा टाकायची. मागच्या हंगामात एकदा बोट आवाज करी पण पळेना. तेव्हा ओळंबा सगळ्यांदेखत मेहुण्याला म्हणाला, "तुझं इंजिन तुझ्यासारखंच आहे. आवाज गावभर आणि काम काडीचं नाही."

मेहुण्यानं हात पुसले. पाना टेबलावर ठेवला. म्हणाला, "भाऊजी, तुम्ही मोठे आहात." आणि गेला. त्याची माणसंही त्याच्या मागं गेली.

पुढं काय झालं ते ऐक. दुसऱ्या दिवशी ओळंब्यानं तळातलं पाणी ओढायचं तोंड साफ करायला घेतलं, तर जाळीत मूठभर शेवाळ आणि पोत्याचा तुकडा अडकलेला. पंपाला पाणीच मिळत नव्हतं, इंजिनाचा काही दोष नव्हता. त्यानं तो तुकडा काढला, बादलीत टाकला, आणि कुणाला बोलला नाही. मेहुण्याकडे जाऊन चुकलो म्हणायला काही पैसे पडत नव्हते. पण दुसऱ्याच्या भिंती मोजणाऱ्याला स्वतःच्या दोरीचा पीळ दिसत नाही.

बायकोला ते भांडण माहीत होतं. ती म्हणाली, "एक हाक मारा. माझा भाऊ आहे, वाघ नाही."

"बघू."

"बघू काय? मी जाऊन सांगते."

"तू मध्ये पडू नको."

"मी मध्येच आहे. तुमची बायको आणि त्याची बहीण, मी काय कडेला उभी राहणार?"

तो उठून शेडमध्ये गेला. आणि एकट्यानंच काम सुरू केलं. बोट होती तशीच ट्रॉलीवर, इंजिन पोटात. हा खाली जमिनीवर पोतं टाकून पाठीवर झोपायचा आणि वर हात करून घासायचा. धूळ सगळी तोंडावर. बाकीचे बोट पालथी घालून वरून घासतात, हा खालून आभाळ घासल्यासारखा. हात भरून यायचे, मान आखडायची. धाकटा यायचा, वाकायची चोरी म्हणून उभ्यानंच बोलायचा.

"दादा, उलटी नाही केलीस?"

"गरज नाही. पट्टी खालूनही लागते."

"मी जाऊ का मेहुण्याकडे? मला काय, मी कुणाच्याही पाया पडतो."

"तुझी पाठ बघ आधी."

धाकटा हसला आणि गेला. त्याला खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं.

ओळंब्यानं सबंध हिवाळा तिथं घालवला. शेवटी पट्टी लावली, पलीकडे दिवा ठेवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. उजेडाचा केस नाही. इतका सरळ तळ त्यानं जन्मात केला नव्हता. बायकोला हाताला धरून घेऊन आला, तिला खाली वाकून बघायला लावलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. पण तुम्ही हसताय, म्हणजे चांगलंच असणार."

आता चूक कुठं झाली ते सांगते. ट्रॉलीचे आडवे ठोकळे बोटीच्या पोटाखाली होते. मागचा भाग ठोकळ्यांच्या बाहेर लोंबत होता, आणि इंजिनाचं सगळं वजन नेमकं त्या भागात. त्या ओझ्यानं मागचा काठ खाली झुकलेला. भरल्या फळीचं टोक झुकतं ना, तसा. ओळंब्यानं त्या झुकलेल्याला घासून सरळ केलं. पट्टी खोटं बोलली नाही, ट्रॉलीवर तळ सरळच होता. पण बोट पाण्यात गेली, पाण्यानं मागचा भाग खालून उचलून धरला, आणि तो काठ गेला आपल्या जागी परत. म्हणजे आता वर वाकलेला. बोटीला मान नाचवायचा रोग लावायचा तर याहून चांगला उपाय नाही.

हे ओळंब्याला ठाऊक नव्हतं असं नाही. हे सगळ्यांना शिकवणाराच तो. पण ज्याला माणसं बोलवायची नसतात तो म्हणतो, एवढ्यानं काय होतंय.

धावेच्या दिवशी आभाळ भरलेलं, नदी शिशाच्या रंगाची. एरवी त्या पट्ट्यात बोटींना बंदी, त्यामुळे सरावाची फेरी त्याच सकाळी, एकच. काठावर लोक कोटाच्या खिशात हात घालून उभे. मेहुणाही आला होता, लांब, आपल्या माणसांत. बायकोनं त्याला बघून हात केला, त्यानंही केला. ओळंब्यानं बघितलं नाही.

धाकटा कमरेला पट्टा आवळून बसला. निघाला. पहिल्यांदा छान उचलली बोट. मग वेग वाढला तशी नाकानं एकदा होकार दिला. मग दुसऱ्यांदा. मग घोडं मान टाकतं तशी टाकायला लागली, खाली आणि वर, खाली आणि वर. काठावरून ओळंब्याला ते दिसलं. ती मान तो ओळखत होता. दुसऱ्यांच्या बोटींची अशी मान बघून त्यानं दहादा सांगितलं असेल, तळ वर गेलाय, बाहेर काढा.

धाकटा परत आला. ओठ पांढरे. पण बोलला हसूनच, "दादा, नाचतेय रे. चहा सांडला."

मागे तळाला लागून एक पोलादी फळी असते, दोन स्क्रूंवर वरखाली होणारी. ती खाली केली की नाक दबतं, नाचणं थांबतं, पण वेगही जातो. ओळंब्यानं पाना घेतला, पाण्यात गुडघाभर उतरला आणि फळी दोन आटे खाली केली.

"एवढी नको," धाकटा म्हणाला. "एवढ्यानं पैलतीरवाल्याचा वेग हातचा जाईल. एक आटा वर घे."

ओळंब्यानं एक आटा वर घेतला.

मग धाकट्यानं विचारलं. आवाज खाली आणून, नीट त्याच्याकडे बघून. "दादा, तळाचं काही आहे का? असलं तर सांग. मी उतरतो."

ओळंब्याच्या हातात पाना होता. मागं लोक होते. लांब मेहुणा होता, तो इकडेच बघत होता. जन्मभर ज्यानं यजमानांना त्यांचं दार घासतंय म्हणून सांगितलं, त्याला चार शब्द बोलायचे होते. तळ खोटा आहे, उतर.

तो म्हणाला, "तळाचं काही नाही. पाणी जरा उठलंय."

"मग ठीक," धाकटा म्हणाला, आणि पट्टा परत आवळला.

पाणी काही उठलं नव्हतं. नदी अशी सपाट होती, की पलीकडची झाडं तिच्यात उलटी दिसत होती.

खऱ्या फेरीला धाकट्यानं पाय मागं घेतलाच नाही. अर्ध्या वाटेपर्यंत फळीनं धरून ठेवलं. मग मान सुरू झाली. दुसरा कुणी असता तर त्यानं वेग कमी केला असता. पण दादा म्हणालाय पाणी आहे, म्हणजे पुढं पाणी बसेल आणि नाचणं थांबेल, असं धरून तो चालवत राहिला. एकदा बोट सबंध सुटली पाण्यापासून आणि आपटली. आवाज काठापर्यंत आला, दार आपटावं तसा. मग बोट हळूहळू आपोआप थांबली आणि आडवी वाहायला लागली. आत माणूस बसलेला दिसत होता, पण हलत नव्हता.

मेहुण्याची माणसं पाण्यात पहिली उतरली.

जीव वाचला. पण मणका फुटला होता. डॉक्टर आता कुणाला रागावलाही नाही. म्हणाला, डावा पाय कधी थोडा हलेल, उजव्याचं सांगता येत नाही. जिना विसरा.

बघायला येणारे सगळे म्हणायचे, लाट होती हो, पाण्याचं काय सांगावं. ओळंबा ऐकून घ्यायचा. घरी आला की शेडकडे न बघता आत जायचा. बायको ताट वाढायची, तो घास हातात धरून बसायचा. एक दिवस ती म्हणाली, "तुम्हाला काय झालंय ते मला माहीत नाही. पण मला नाही तर ज्याला सांगायचं त्याला सांगा. असं नाही जगता यायचं तुम्हाला."

तेव्हा तो मेहुण्याच्या कारखान्यात गेला. दारात उभा राहून म्हणाला, "बोट उलटी करायची आहे. येशील का?"

मेहुण्यानं कारण विचारलं नाही. माणसं घेऊन आला. चेनपुलीनं इंजिन काढलं, बोट उचलली, उलटी केली. या खेपेला कुणी हसलं नाही की चहा मागितला नाही. मेहुण्यानंच पट्टी लावली. दिव्याची गरजच पडली नाही, दिवसाउजेडी मागच्या काठाशी चांगली फट दिसत होती.

मेहुणा कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग माणसांना बाहेर जायला सांगितलं.

"इंजिन आत ठेवून घासलंत, भाऊजी?"

"हो."

"का?"

"तुला बोलवावं लागलं असतं."

मेहुणा तिथल्याच डब्यावर बसला. म्हणाला, "झालं ते झालं. लोक लाटच म्हणतायत. म्हणू द्या. त्यालाही तसंच वाटू दे, त्याचं काय आता बरं होणार आहे?"

ओळंबा म्हणाला, "तुझ्या इंजिनाला काही झालं नव्हतं. जाळीत पोतं अडकलं होतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

मेहुण्यानं मान हलवली, जणू हे ओझं आता फारच हलकं होतं.

संध्याकाळी ओळंबा इस्पितळात गेला. खोलीत तीन खाटा, धाकट्याची खिडकीजवळची. त्यानं स्टूल ओढलं आणि एका दमात सांगितलं. ट्रॉली, ठोकळे, इंजिन, फट. धाकटा छताकडे बघत ऐकत होता.

"तळ चुकतो," तो शेवटी म्हणाला. "तळाचं मला काही नाही, दादा. कुणाचाही चुकेल. मी तुला पाण्यात विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

ओळंबा म्हणाला, "हो."

"मी उतरतो म्हणालो होतो."

"हो."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकला, त्याची सून त्याला पाणी देत होती. धाकट्यानं ते होईपर्यंत वाट बघितली. मग म्हणाला, "तू जा आता. वहिनीला पाठव."

इस्पितळातून सोडलं तेव्हा धाकट्याला चार दिवस घरी ठेवलं, वरच्या त्याच्या खोलीत, उचलून नेऊन. पाचव्या दिवशी त्यानं वहिनीला सांगितलं, मी मेहुण्याकडे जातो, तिथं जिना नाही. वहिनी म्हणाली, शेड रिकामी करू, तिथं खोली काढू. तो म्हणाला, "शेडमध्ये नको." वहिनी रडली, पण आग्रह केला नाही.

खाट जिन्यावरून खाली आणायला माणसं हवी होती. ती बोलवायला ओळंबा गेला. दारोदार गेला. शेजारचा सुतार, कोपऱ्यावरचा दुकानदार, ज्यांना ज्यांना तो कधी काही बोलला होता ते सगळे. दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "भावाला खाली आणायचं आहे, हात लावाल का?" कुणी नाही म्हटलं नाही. सुतार वाटेत म्हणाला, "माझ्या दाराचं बघितलंत का, अजून घासतंय." त्याला वाटलं, ओळंबा जरा हसेल. ओळंबा म्हणाला, "चांगलं आहे दार."

जिना अरुंद. ओळंब्यानं खाटेचा खालचा कोपरा धरला, जिथं सगळ्यात जास्त वजन येतं. अर्ध्यात धाकटा म्हणाला, "डावीकडे खाली जातेय. उचला." ओळंब्यानं खांदा घातला आणि उचलली. तेवढंच ते दोघं बोलले.

मेहुण्याच्या घरी खालची खोली, रस्त्याकडे तोंड, नदी दिसत नाही. ओळंबा रोज काम संपवून तिथं जायला लागला. पहिल्या दिवशी दारात थांबला. धाकटा म्हणाला, "ये. बस. पण मला काही सांगू नकोस. कसलंच."

मग तो जायचा आणि बसायचा. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं होतं, खिडकीची एक कडी सैल होती, खाटेचा एक पाय आखूड होता म्हणून कागदाची घडी घातलेली. हे सगळं त्याला दिसत असणार. तो कशालाच काही म्हणायचा नाही. धाकटा रस्त्याकडे बघायचा, तो जमिनीकडे. दिवा लावायची वेळ झाली की उठायचा.

घरी आल्यावर बायको विचारायची, "काय म्हणाला?"

"काही नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही काही नाही," तो म्हणायचा, आणि हात धुवायला जायचा.